गनर प्रिवेटची कबर

आमच्या गावच्या तोफखान्यानं पहिल्या महायुद्धात शत्रूचा एकही माणूस मारला नाही, आणि याची गावाला अजून थोडी लाज वाटते. माणसं न मारल्याची लाज बाळगणारी माणसं मी इथे येईपर्यंत पाहिली नव्हती. बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात मी लोकांचे हिशेब तपासते, त्यामुळे कोण कुठली गोष्ट जमेला धरतो आणि कुठली नावे टाकतो इकडे माझं लक्ष असतं. या गावानं ही गोष्ट नावे टाकली होती.

बेसिंगस्टोकपासून गाडीनं पंधरा मिनिटांवर आमचं गाव. गावात लाल विटांचा, उंच छपराचा एक ड्रिल हॉल आहे. आत बारमाही गारठा. सोमवारी स्काउट, बुधवारी झुंबा, आणि गणपती, कोजागिरी, संक्रांतीला आमचं मराठी मंडळ. बांधला मात्र तोफांसाठी. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच चालून येतील अशी हूल उठली, तेव्हा इथल्या दुकानदारांनी, कारकुनांनी, मास्तरांनी आपला स्वयंसेवी तोफखाना उभा केला. समुद्र इथून कुठल्या कुठे! तरी केला. शनिवारी दुपारी दुकानं बंद करून ही मंडळी गणवेश चढवायची, बिअरच्या कारखान्याचे घोडे मागून आणायची आणि माळावर तोफा ओढायची. फ्रेंच काही आले नाहीत. सोमवारी घोडे पुन्हा बिअर ओढायला.

हे सगळं मला लेन प्रिवेटनं सांगितलं. लेन म्हणजे हॉलच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो. ऐंशी पार केलेला, निवृत्त इतिहासाचा मास्तर, टाय लावल्याशिवाय कचऱ्याचा डबाही बाहेर ठेवणार नाही असा. मंडळाच्या कार्यक्रमाला तो शेवटच्या रांगेत बसायचा आणि शेवटी स्वतः खुर्च्या रचायचा. आमची पोरं रांगोळी पुसायला विसरली तर काही बोलायचा नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मॉप घेऊन उभा दिसायचा. त्यापेक्षा बोललेला परवडला असता.

एका कोजागिरीला माझ्या नवऱ्यानं, परीक्षितनं, त्याला मसाला दूध नेऊन दिलं. लेननं सायीसकट निमूट प्यायलं आणि विचारलं, तुम्ही मूळचे कुठले.

"नाशिक," परीक्षित म्हणाला. "म्हणजे ॲक्चुअली देवळाली."

देवळाली म्हटलं की इंग्रज माणूस हसतो, याची परीक्षितला सवय होती. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात, ते आमच्या देवळालीचंच नाव आहे. लेन हसला नाही. त्यानं कप खुर्चीवर ठेवला.

"देवळाली कॅम्प?"

"तिथेच वाढलो. शाळा, क्रिकेट, सगळं."

मग लेननं भिंतीवरची पाटी दाखवली. गावचा तोफखाना १९१४ साली सरकारजमा झाला, पोरांनी परदेशी जायला सह्या केल्या. त्यांना वाटलं, फ्रान्स. बोट लागली मुंबईला. पक्की फौज हिंदुस्थानातून फ्रान्सला हलवायची होती, तिच्या जागी ही शनिवारची फौज. घाट चढून देवळाली. आणि मग देवळालीच. राजाच्या वाढदिवसाला सलामी द्यायची, घोडे धुवायचे, तोफा पुसायच्या. काहीजणांनी अर्ज करकरून मेसोपोटेमिया गाठलं, पण बॅटरी, म्हणजे ही तोफांची तुकडी, जागची हलली नाही. युद्ध संपल्यावर पोरं परत आली ती उन्हानं रापलेली. ज्यांची मुलं फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत मेली होती, त्या आयांसमोर तो रापलेला रंग घेऊन हिंडणं काय असेल! पबमध्ये कुणीतरी त्यांच्यापुढे नारळ ठेवून विचारलं म्हणे, 'हा तुम्ही पाडलात का?'

लेनचे आजोबा त्या बॅटरीत होते. त्यांनी मेडल कधी लावलं नाही. नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनाला गाव संचलन करायचं, तेव्हा ते मळ्यात बटाटे खणत असायचे. त्यांचा धाकटा भाऊ वॉल्टरही बॅटरीत होता, गनर म्हणजे तोफची. तो परत आलाच नाही. १९१६ साली देवळालीत विषमज्वरानं गेला.

"खडकीच्या स्मारकावर त्याचं नाव आहे," लेन म्हणाला. "कबर देवळालीतच कुठेतरी आहे. आमच्या घरातल्या कुणीही ती पाहिलेली नाही." मग त्यानं घसा साफ केला. "तुम्ही कधी त्या बाजूनं जात असाल, आणि फारच अडचण होणार नसेल, तर एखादा फोटो..."

इंग्रज माणूस असं विचारतो तेव्हा आयुष्यभराची इच्छा मागत असतो. आमच्याकडे सांडशी उसनी मागताना याहून जोर असतो.

"लेन! झालंच समजा," परीक्षित म्हणाला.

डिसेंबरात आम्ही भाचीच्या लग्नाला देवळालीला गेलो. केळवणं झाली, हळद झाली, सूट ढिला झाला म्हणून शिंप्याकडे तीन खेपा झाल्या. दफनभूमी परीक्षितच्या मावशीच्या घराच्या मागच्याच रस्त्याला, पण लग्नघरातून दफनभूमीत कसं जायचं, शुभकार्य आहे, हे कारण मिळालं आणि पुरलं. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढत असताना परीक्षित चुलतभावाला म्हणाला, "अनुप, एक काम कर ना रे. एक फोटो पाठव." अनुप मंडप आणि डेकोरेशनचा धंदा करतो. कुणाच्याही लग्नात अचानक घोडा हवा असला तर अनुपला फोन जातो.

"दादा, तू विमानात बस. फोटो आला समज."

आणि आला. काय सुरेख फोटो! पांढराशुभ्र चुना लावलेली कबर, ताठ उभा दगड, त्यावर काळ्या अक्षरांत 'गनर डब्ल्यू. प्रिवेट, १९१६', वर झेंडूचा हार आणि पायाशी दोन उदबत्त्या. लेनला दाखवला तेव्हा त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "कुणीतरी फुलं घातलीत." एवढंच. पण ते वाक्य तो नंतर वर्षभर म्हणत राहिला.

वर्षभरात त्या फोटोची काय चढती झाली! फ्रेम होऊन तो पाटीखाली लागला. लेननं बॅटरीच्या इतिहासाची छोटी पुस्तिका लिहिली होती, तिच्या नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गेला. स्थानिक पेपरात आला, परीक्षितच्या नावासकट. मी माझ्या नवऱ्याला इतकी वर्षं ओळखते. प्रशंसा त्याला विरजणासारखी लागते, हळूहळू सगळीकडून घट्ट होतो. उन्हाळ्यापर्यंत तो 'तुमची बॅटरी' सोडून 'आपली बॅटरी' म्हणायला लागला होता. रीडिंग शहरातल्या आपल्या ऑफिसात त्यानं यावर प्रेझेंटेशन दिलं. नोव्हेंबरात लेननं त्याला संचलनात आपल्या शेजारी चालायला बोलावलं, तेव्हा नवा ओव्हरकोट आला, त्यावर पॉपी, म्हणजे स्मृतिदिनाला लावतात ते लाल कागदी फूल, आणि माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा पोट आत घेऊन पाऊण मैल चालला.

संचलनानंतर हॉलमध्ये चहा होता. लेननं चमच्यानं कप वाजवला.

"मी फेब्रुवारीत देवळालीला जातोय," तो म्हणाला. "नातीबरोबर. तिकिटं काढली. आमच्या घरातलं कुणीतरी वॉल्टरला भेटायलाच हवं."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या परीक्षितच्या.

घरी आल्या आल्या त्यानं अनुपला फोन लावला, स्पीकरवर, कारण चांगली बातमी त्याला एकट्याला ऐकवत नाही.

"बोल दादा! वहिनी आहेत का शेजारी? वहिनी, थंडी काय म्हणते?"

"अनुप, ऐक, लेन येतोय फेब्रुवारीत. फोटोवाला."

"फोटोवाला तर मेलाय ना?"

"अरे, त्याच्या भावाचा नातू! त्याला कबरीवर जायचंय. जरा गवत-बिवत काढून ठेव."



"कशाला?" अनुप म्हणाला.

"कशाला म्हणजे?"

"नाही, म्हातारा माणूस, एवढा प्रवास. फोटो आहे ना त्याच्याकडे? चांगला हाय-रेझ पाठवलाय मी. मोठा करून लावायला सांग."

परीक्षितचा चेहरा अजून हसराच होता. मीच विचारलं, "अनुप, ती कबर कुणाची आहे?"

"वहिनी, मी गेलो होतो हां, खोटं नाही बोलत. दोनदा गेलो. गुडघाभर गवत, निम्मे दगड आडवे, त्यांच्यावर बकऱ्या. प्रिवेट नावाचं कुणी नाही. वॉचमनला विचारलं, त्याला काही माहीत नाही. मग म्हटलं, दादानं तिकडे शब्द दिलाय, दादाचं तोंड पडेल. एक दगड सरळ उभा होता. आपले बोर्ड रंगवतो त्या पेंटरला बोलावलं."

"कोरा होता दगड?"

"कोरा कसा असेल, कबर आहे ती. होतं काहीतरी पुसट. पेंटर म्हणाला, घासल्याशिवाय रंग धरणार नाही. घासून घेतलं."

"काय होतं लिहिलेलं?"

"इंग्लिश होतं."

"अनुप."

"बाईचं नाव होतं. मेरी का मार्था, असलं काहीतरी. आणि खाली तिचं बाळ. तारीख-बिरीख मी नाही बघितली." मग त्याचा आवाज जरा चढला. "वहिनी, शंभर वर्षांत कोण आलं होतं तिच्याकडे? आपण चुना लावला, हार घातला, उदबत्ती लावली. तिचं काय वाईट केलं आपण?"



"तू मला विचारायचं होतंस," परीक्षित म्हणाला.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

परीक्षितनं फोन ठेवला. ओव्हरकोट अजून अंगातच होता. पॉपी काढून त्यानं हातात धरला आणि कुठे ठेवावा हे न कळून तसाच बसून राहिला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात योजना शिजल्या. एक योजना अशी की अनुपनं दुसऱ्या मोकळ्या जागेत नवा दगड बसवावा, अगदी संगमरवरी. "मोकळी जागा म्हणजे कुणाची?" मी विचारल्यावर ती बारगळली. मग दुसरी, की लेनला जाऊच द्यायचं नाही. आणि हे काम माझ्याकडे आलं.

"तू बोल ना वीणा. बायकांचं ऐकतात लोक तब्येतीच्या बाबतीत."

मी गेले. हो, गेले. चिवड्याचा डबा घेऊन लेनच्या स्वयंपाकघरात बसले आणि डासांपासून सुरुवात केली. मग पाणी. मग फेब्रुवारीतलं ऊन.

"बॅटरीतल्या पोरांनी चार उन्हाळे काढले तिथे," लेन म्हणाला. "मी आठवडाभर काढीन." त्यानं दंडावर इंजेक्शनची जागा दाखवली, शाळकरी पोरासारखी, अभिमानानं. मग खणातून मेडल काढलं, आजोबांचं. नवंकोरं पॉलिश केलेलं. "हे त्यांनी कधीच लावलं नाही. म्हणायचे, मी कुठे काय केलं. मला हे वॉल्टरच्या दगडावर ठेवायचंय, एक मिनिटभर. मग परत आणीन. दोघे भाऊ. निदान एकानं तरी काहीतरी दिलं, नाही का? ती कबर आहे म्हणून मी या गावात त्या बॅटरीबद्दल उभा राहून बोलू शकतो."

मी चिवडा देऊन आले आणि त्यानं दिलेला फ्रूटकेक घेऊन आले. मी दुसऱ्यांच्या वह्यांतली लबाडी शोधून पोट भरते, आणि तासभर एका म्हाताऱ्याला डास विकत होते.

शनिवारी आमची निधी लंडनहून आली. इथेच जन्मली, वकिली शिकते. मराठी बोलते पण लिंगांशी तिचं कायमचं भांडण आहे. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती केक खायची थांबली.

"बाबा, ती बाईचा नाव तुम्ही घासून टाकला?"

"मी नाही. अनुपनं. पेंटरनं."

"तुझ्यासाठी."

"अगं, त्याचा हेतू..."

"लेनला सांग. सगळा सांग. हाफ नाही."

रविवारी सकाळी परीक्षित लेनकडे गेला आणि परत आला तो हलका होऊन. मला तो हलकेपणा आवडला नाही. एवढ्या लवकर माणूस एवढा हलका होत नाही.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की कबर चुकीची आहे. म्हणजे, तिथल्या लोकांचा गोंधळ झाला. जुनी दफनभूमी, माहिती नीट नसते, कुणीतरी चुकीच्या दगडावर नाव टाकलं."

"कुणीतरी?"

"वीणा, भाषा बघ जरा. मी काय पोलिसात जबानी देत होतो?"

"आणि ती बाई? बाळ?"

तो बूट काढायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "ते सांगून काय उपयोग आता? त्याला अजून त्रास. आधीच बिचारा पांढरा पडला होता. 'अशा गोष्टी होतात' म्हणाला. चहा दिला."

म्हणजे खऱ्याचं निम्मं देऊन पावती पूर्ण रकमेची घेऊन आला होता. मी तसं म्हटलंही. रात्री जेवताना त्यानं तीनदा विचारलं, "तू लेनला काही बोलणार नाहीस ना?" तिन्ही वेळा मी आमटी वाढली. बोलायचं त्यानं होतं. मी बोलले असते तर तोही एक उपकारच झाला असता, आणि लेनवर असले उपकार पुरे झाले होते.

लेननं फोटो भिंतीवरून उतरवला आणि आम्हाला निरोप दिला, जानेवारीतल्या शनिवारी दुपारी बॅटरीवरचं वार्षिक व्याख्यान आहे, जरूर या. तिथे मी दुरुस्ती करणार आहे.

हॉल निम्मा भरला होता. हीटर चालू असूनही कुणी कोट काढला नव्हता. मागे चहाचं मोठं भांडं तापत ठेवलेलं. आमच्यासाठी लेननं पहिल्या रांगेत खुर्च्या राखल्या होत्या, त्यांवर कागद चिकटवून, परीक्षितचं आडनाव अचूक लिहून. तो कागद परीक्षितनं घडी करून खिशात टाकला.

लेन उभा राहिला. बिअरचे घोडे, न आलेले फ्रेंच, मुंबईला लागलेली बोट. लोक ठरल्या जागी हसले. मग त्यानं पुस्तिका हातात घेतली.

"या मुखपृष्ठावरची कबर वॉल्टर प्रिवेटची नाही," तो म्हणाला. "ही चूक माझी आहे. एका मित्रानं मोठ्या मनानं मदत केली, आणि मी, जन्मभर मुलांना पुरावा तपासा म्हणून सांगणारा माणूस, मी काहीच तपासलं नाही. का नाही तपासलं, ते सांगतो. आपल्या बॅटरीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मला काहीतरी दाखवायचं होतं. लहानपणी शाळेत मुलं विचारायची, तुझ्या आजोबांनी किती जर्मन मारले, आणि मी खोटे आकडे सांगायचो. मला वाटतं मी अजून तेच करतोय. ज्यांनी पुस्तिका घेतली त्यांची मी माफी मागतो."

तो वाकला. थोडासाच, पण वाकला. कुणीतरी हळहळलं. परीक्षितच्या शेजारी एक बाई होत्या, लव्हेंडरचा वास येणाऱ्या, त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं आणि कुजबुजल्या, "तुम्ही प्रयत्न केलात हेच किती."

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत राहिले. मला वाटलं, हे कौतुकही हा मानून घेईल. मान हलवेल, 'नो नो' म्हणेल, बिस्किट खाईल आणि आम्ही घरी जाऊ.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"लेन, ॲक्चुअली," परीक्षित म्हणाला. तो उभा होता. आवाज ऑफिसातला नव्हता. "ॲक्चुअली, चूक लेनची नाही. मी गेलोच नव्हतो. कबरीवर. मी लग्नात होतो. मी लेनला हो म्हटलं आणि भावाला सांगितलं, आणि भावाला कबर मिळाली नाही, म्हणून त्यानं दुसऱ्याच कबरीवर नाव रंगवून घेतलं." तो थांबला. मला वाटलं, झालं. "ती एका बाईची कबर होती. आणि तिच्या बाळाची. तिचं नाव होतं दगडावर. पेंटरनं ते घासून काढलं, रंग बसावा म्हणून. मेरी होतं किंवा मार्था. मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. लेनला मी हे सांगितलं नव्हतं."

मागे चहाचं भांडं उकळायला लागलं होतं आणि कुणी ते बंद करायला उठत नव्हतं. शेजारच्या बाईंनी थोपटणारा हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली ठेवला. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या मंडळाच्या सभेत निदान दोघं उठले असते, एखाद्यानं राजीनामा मागितला असता. इथे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते, आणि आमच्या वतीनं तेच लाजत होते.

लेन पुस्तिका हातात धरून उभा होता. मुखपृष्ठाची बाजू त्यानं पोटाशी वळवली.

"थँक यू, परीक्षित," तो म्हणाला. मग सभेला, "कुणाचे काही प्रश्न?"

एका गृहस्थांनी घोड्यांबद्दल विचारलं.

चहा झाला. आमच्याभोवती आपोआप एक रिकामं वर्तुळ तयार झालं. परीक्षित खुर्च्या रचायला गेला, लेन दुसऱ्या टोकाच्या खुर्च्या रचत होता. मधल्या रांगा उरल्या तेव्हा परीक्षित गाडीत जाऊन बसला. लेन माझ्याकडे आला.

"मला तुमच्या दिरांचा फोन नंबर हवा," तो म्हणाला. "मी जाणार आहे. तिकिटं आहेतच. ती कबर कुठली ते त्यांनाच माहीत." मी माझ्या फोनमधून नंबर दिला. परीक्षितचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि मीही नाही.

गाडीत परीक्षितनं इंजिन सुरू केलं नव्हतं.

"काय म्हणाला?"

"अनुपचा नंबर घेतला. जाणार आहे तो."

परीक्षित स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग त्यानं अनुपला फोन लावला. तिकडे जेवणं आटपली असावीत, भांड्यांचा आवाज येत होता.

"अनुप, लेनचा फोन येईल. तो येतोय. त्याला ती कबर दाखव. रंगवलेली. आणि वॉल्टरची कबर विचारली तर सांग, नाही मिळाली."

"हो दादा. पण ऐक ना, मी परत चौकशी केली. मागच्या बाजूला अजून एक-दोन दगड आहेत, त्यातला एखादा..."

"अनुप, नाही मिळाली म्हणायचं."

"अरे, एवढा म्हातारा माणूस एवढ्या लांबून येणार, माझ्याकडे तोंड करून विचारणार, त्याला नाही कसं म्हणू? तूच सांग. वहिनी, तुम्ही सांगा. घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं?"

परीक्षितनं डोळे मिटले. मला दिसत होतं त्याला काय दिसतंय ते: अनुप लेनला मिसळ खायला घालणार, डोक्यावर छत्री धरणार, आणि गवतातल्या कुठल्यातरी दगडापुढे नेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हणणार, हाच. आणि लेन खिशातून मेडल काढणार.

त्यानं फोन मला दिला आणि गाडीतून उतरला. मीही मागोमाग गेले. दारात थांबले, आत गेले नाही.

लेन मॉप मारत होता.

"मी येतो तुमच्याबरोबर," परीक्षित म्हणाला. "फेब्रुवारीत."

"मी तुम्हाला बोलावलं नाही."

"माहीत आहे. पण माझा भाऊ तुम्हाला कबर शोधून देईल. खोटी. तो वाईट नाही, त्याला तुम्हाला खूश करायचं असेल. तिथे कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की ही नाही. हीसुद्धा नाही. मी माझं तिकीट काढीन, दुसरीकडे राहीन, तुमच्याशी बोलायचीही गरज नाही."

लेननं मॉप बादलीत पिळला. सावकाश, दोनदा.

"नाव तुम्ही म्हणालात मेरी किंवा मार्था."

"हो."

"आणि मूल. मुलगा की मुलगी?"

"माहीत नाही."

"दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनमध्ये असतात," लेन म्हणाला. परीक्षितकडे न बघता, फरशीकडे बघत. "तुमची रजा असेल त्या दिवशी जा. आधी तिचं नाव. वॉल्टरचं नंतर बघू." आणि तो मॉप घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला.

परीक्षित ओल्या फरशीच्या कडेला उभा राहिला. लेननं त्याला जायला सांगितलं नव्हतं, आणि थांबायलाही.